बँडचं नाव 'डेथ', पण गाणी जगण्यावर लिहिली : चक शुल्डिनरची गोष्ट

गेल्या गणपतीतली गोष्ट आहे. भोरच्या एसटी स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत उभी होते. शेजारी ढोलपथकातली पोरं होती. ढोल टेम्पोत चढवून झालेले, बोटांना चिकटपट्ट्या गुंडाळलेल्या, पुण्याच्या मिरवणुकीला निघालेली. त्यातल्या एकाच्या अंगात काळा टीशर्ट होता आणि त्यावर कोळ्याचं जाळं लटकलेली, कोयत्यासारखी वळलेली अक्षरं. नीट बघितलं तर इंग्रजीत लिहिलं होतं, डेथ.

मी विचारलं, हा बँड ऐकतोस का? त्याला हा बँड आहे हेच माहीत नव्हतं. टीशर्ट पुण्यात एफसी रोडवरून घेतला होता, डिझाईन भारी वाटलं म्हणून.

तेव्हा गाडी आली आणि विषय तिथंच राहिला. पण त्या पोराला सांगायची राहिलेली गोष्ट मोठी आहे. ती आहे फ्लोरिडातल्या एका मुलाची. त्याने भावाच्या मृत्यूनंतर हातात गिटार घेतली, सोळाव्या वर्षी बँड काढला आणि जगातल्या सगळ्यात कर्कश समजल्या जाणाऱ्या संगीताला डोकं लावून वाजवायचं संगीत बनवलं. चौतीसाव्या वर्षी तो गेला. जाताना त्याच्या घरच्यांकडे ऑपरेशनचे पैसे नव्हते.

त्याचं नाव चक शुल्डिनर.

आधी हे डेथ मेटल म्हणजे काय ते बघू, कारण आपल्याकडे हे नाव काढलं की लोकांच्या डोळ्यासमोर केस हलवणारी आणि घशातून डरकाळ्या फोडणारी माणसं येतात. ते चित्र अगदीच चुकीचं नाही. ऐंशीच्या दशकात मेटॅलिका, स्लेयर या बँडनी थ्रॅश मेटल नावाचा वेगवान प्रकार लोकप्रिय केला. काही पोरांना तोही कमी वाटला. त्यांनी गिटारचा सूर आणखी खाली उतरवला, ड्रमचा वेग आणखी वाढवला आणि गाण्याऐवजी पोटातून गुरगुरायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पझेस्ड या बँडने १९८५ साली 'सेव्हन चर्चेस' हा अल्बम काढला, त्यातल्या एका गाण्याचं नावच 'डेथ मेटल' होतं. त्याच सुमाराला दुसऱ्या टोकाला फ्लोरिडात चकचा बँड हेच करत होता. पहिला कोण यावर मेटलवाले आजही भांडतात. चकला डेथ मेटलचा बाप म्हटलं जातं, पण त्याने स्वतः हा मान कधी अंगाला लावून घेतला नाही.

आणि 'टेक्निकल' डेथ मेटल? हे भोर-वेल्ह्याकडच्या माणसाला समजावणं सोपं आहे असं मला वाटतं. ढोलपथकात टोलाचा ठोका एका जागी पडत असतो, ताशावाला तर्री काढत त्याच्याभोवती फिरत असतो आणि मध्येच सगळं पथक एका क्षणात चाल बदलतं. ज्याची मोजणी चुकली तो उघडा पडतो. टेक्निकल डेथ मेटलमध्ये हेच गिटार, बास आणि ड्रम मिळून करतात, तेही भयानक वेगात. चार मात्रांवर चाललेलं गाणं अचानक पाचवर जातं, सातवर जातं, परत येतं. आपल्या कानाला सात मात्रांचा रूपक किंवा दहा मात्रांचा झपताल नवा नाही. पण रॉक ऐकणाऱ्या अमेरिकन पोरांचा सगळा जन्म चारच्या ठेक्यात गेलेला. त्यांच्यासाठी हा धक्का होता. हा धक्का देणाऱ्यांत चक सगळ्यात पुढे होता.

गॅरेजमधला मुलगा

चक म्हणजे चार्ल्स मायकल शुल्डिनर. जन्म १३ मे १९६७, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर. आई-वडील दोघंही शिक्षक. पुढच्याच वर्षी कुटुंब फ्लोरिडात आलं आणि ऑर्लँडोजवळच्या उपनगरात स्थायिक झालं. तीन भावंडांतला हा सगळ्यात धाकटा.

चक नऊ वर्षांचा असताना त्याचा मोठा भाऊ फ्रँक गेला. फ्रँकचं वय सोळा. घरातलं धाकटं पोर आतून मिटत चाललंय हे आई-वडिलांना दिसत होतं. मन रमावं म्हणून त्यांनी त्याला गिटार आणून दिली आणि क्लास लावला. क्लासमध्ये बडबडगीतं शिकवायला लागले. पोरगं कंटाळलं आणि वर्षाच्या आत क्लास सुटला. गोष्ट इथंच संपायची. पण आई-वडिलांना कुणाच्या तरी अंगणात जुन्या सामानाच्या विक्रीत एक इलेक्ट्रिक गिटार दिसली आणि त्यांनी ती उचलली. त्यानंतर पोराने गिटार खाली ठेवली नाही. शनिवार-रविवार गॅरेजमध्ये, शाळेच्या दिवशी मात्र घरच्यांनी तीन तासांची मर्यादा घातलेली. सूर, स्वरलिपी असं कुणाकडे बसून तो शिकला नाही. किस आणि आयर्न मेडनचे अल्बम ऐकून जे हाताला लागेल ते वाजवत गेला. पुढे सॉर्तिलेज नावाचा एक फ्रेंच बँड त्याच्या सगळ्यात लाडका झाला, जो तेव्हा फ्रान्सबाहेर फारसा कुणी ऐकत नव्हतं.

१९८३ साली, सोळाव्या वर्षी, त्याने रिक रॉझ आणि कॅम ली या दोघांना घेऊन मँटास नावाचा बँड काढला. १९८४ मध्ये नाव बदलून डेथ केलं. ज्या घराने मृत्यू इतक्या जवळून बघितला होता, त्या घरातल्या मुलाने हे नाव निवडलं. त्याचा अर्थ लावायचा मोह होतो. मी तो आवरते. पण आई-वडिलांनी त्याला अडवलं नाही, एवढं खरं. आई जेन तर शेवटपर्यंत त्याच्या बँडची सगळ्यात मोठी पाठीराखी राहिली.

पोराने शाळाही अर्धवट सोडली. पुढे याचं त्याला वाईट वाटायचं.

आता गंमत बघा. १९८७ पर्यंत या बँडचा एकही अल्बम बाजारात नव्हता, तरी अमेरिका आणि युरोपातल्या मेटलवाल्या पोरांना डेथ माहीत होता. कसं? तर कॅसेटमुळे. गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलेली कॅसेट पोस्टाने मित्राला पाठवायची, तो तिच्या पाच प्रती काढून पाचजणांना पाठवणार, ते पुढे आणखी कुणाला. आवाज प्रत्येक प्रतीत आणखी खरखरीत होत जाणार. ऑर्केस्ट्रावाले, भारुडवाले यांच्या कॅसेट आपल्याकडे एका टेपवरून दुसऱ्या टेपवर उतरवत गावोगाव गेल्या, तसंच. आजच्या भाषेत बोलायचं तर चक हा फॉरवर्ड होऊन व्हायरल झालेला माणूस होता, फक्त ते व्हायला वर्ष लागायचं.

पण बँड टिकत नव्हता. पोरं यायची, जायची. चक सॅन फ्रान्सिस्कोला गेला, परत आला. १९८६ च्या सुरुवातीला कॅनडात टोरँटोला स्लॉटर नावाच्या बँडमध्ये सामील व्हायला गेला, तिथंही जमलं नाही आणि लगेच परतला. शेवटी ड्रमर ख्रिस रायफर्ट भेटला. दोघांनीच मिळून १९८७ साली 'स्क्रीम ब्लडी गोर' हा पहिला अल्बम केला. ड्रम ख्रिसचे, बाकी गिटार, बास आणि आवाज सगळं चकचं. वय वर्षं वीस.

तो अल्बम आज ऐकला तर काय वाटतं? खरं सांगायचं तर त्यातले शब्द मला झेपत नाहीत. सगळे स्वस्तातल्या हॉरर सिनेमातले प्रसंग. कापाकापी, प्रेतं, रक्त. वीस वर्षांच्या पोराने व्हिडिओ कॅसेटवर बघितलेलं सगळं कागदावर ओतलंय. संगीत मात्र दमदार आहे, आणि पुढच्या शेकडो बँडनी इथूनच आवाज, वेग आणि विषय उचलला. त्यातले बरेच बँड आज पस्तीस वर्षांनीही त्याच प्रेतांवर गातायत. चक स्वतः मात्र तिथं फक्त एक अल्बम थांबला.

सिनेमा संपला, बातम्या सुरू झाल्या

१९८८ साली आलेल्या 'लेप्रसी'चं नावच महारोगावर होतं. शीर्षकगीतात रोगापेक्षा समाजाने वाळीत टाकणं जास्त आहे. आनंदवनाची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी माणसाला हा विषय काय आहे ते सांगावं लागत नाही. त्याच अल्बममध्ये 'पुल द प्लग' नावाचं गाणं आहे. यंत्रांच्या जोरावर जिवंत ठेवलेला माणूस मला सोडा म्हणतोय, असा त्याचा विषय. हे लिहिणारा एकवीस वर्षांचा होता. पुढे अकरा वर्षांनी त्याच्याच वाट्याला काय येणार होतं, ते माहीत असेल तर हे गाणं सहज ऐकता येत नाही.

१९९० चा 'स्पिरिच्युअल हीलिंग' आणखी पुढे गेला. नशेच्या आहारी गेलेल्या आईच्या पोटी जन्मणारं बाळ, गर्भपाताचा वाद, आणि देवाच्या नावाने रोग बरे करतो सांगणारे बुवा. हो, बुवा. अमेरिकेत तेव्हा टीव्हीवर हात डोक्यावर ठेवून आजार पळवणाऱ्यांचा धंदा जोरात होता. आपल्याकडे ज्या विषयावर अंधश्रद्धा निर्मूलनवाले गावोगाव बोलत फिरत होते, त्या विषयावर तिकडे एक डेथ मेटलवाला गुरगुरत होता. सिनेमाच्या पडद्यावरून तो वर्तमानपत्राच्या पानांवर आला होता.

याच वर्षी त्याच्या नावाला एक डाग लागला, तो कधी पूर्ण पुसला गेला नाही. युरोपचा दौरा ठरला होता. ऐन वेळी चकने जायला नकार दिला. दौऱ्याचं नियोजन धड नाही असं त्याचं म्हणणं होतं. बासवादक टेरी बटलर आणि ड्रमर बिल अँड्र्यूज मात्र गेले. चकच्या जागी दुसरी माणसं उभी केली आणि डेथ या नावानेच कार्यक्रम केले. ज्याचा बँड, तोच घरी. तिकीट काढून आलेल्यांना काय वाटलं असेल!

दोन्ही बाजूंचं ऐकलं तर दोघांचंही थोडं खरं वाटतं. दौरा रद्द झाला असता तर बाकीच्यांचं पोट कुठं भरणार होतं, हा प्रश्न आहेच. पण त्यानंतर चक विक्षिप्त आहे, त्याच्याशी कुणाचं पटत नाही, अशी ख्याती मेटलच्या मासिकांमधून पसरली. व्यवस्थापक एरिक ग्रीफशीही त्याचं बिनसायचं, प्रकरण वकिलांपर्यंत जायचं आणि मग परत दोस्ती व्हायची. डेथच्या सात अल्बममध्ये वाजवणारी टीम एकदाही सारखी नाही, हे तर कागदावरच दिसतं.

आणि इथं या गोष्टीला वळण आहे. ज्याला लोक दोष म्हणत होते, त्यातूनच टेक्निकल डेथ मेटल आलं.

कायमचा बँड नको, असं चकने ठरवलं. दर अल्बमला त्या अल्बमसाठी योग्य तीच माणसं घ्यायची. १९९१ च्या 'ह्यूमन'साठी त्याने बोलावलं ते सीन रायनर्ट आणि पॉल मॅस्विडाल या फ्लोरिडातल्या दोन पोरांना. वय वीसच्या आसपास. दोघं सिनिक नावाच्या स्वतःच्या बँडमध्ये होते आणि जॅझ फ्यूजन ऐकून वाढलेले. सोबत बासला कॅलिफोर्नियाचा स्टीव्ह डिजॉर्जिओ. रायनर्टने जे ड्रम वाजवले, ते तोवर डेथ मेटलमध्ये कुणी ऐकलेले नव्हते. नुसता वेग नाही. झांजेवर हलका हात, मध्येच सोडलेली रिकामी जागा, समेवर यायच्या आधी घेतलेला वळसा. तबल्याची संगत ऐकणारा माणूस हे पटकन ओळखेल.

चकला स्वतःला असलं काही वाजवता येत नव्हतं. आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान पोरं आपल्यापेक्षा जास्त जाणतात, हे मान्य करून त्यांच्यासाठी जागा करून देणं, हे त्याचं मोठं काम आहे असं मला वाटतं. हेकट म्हणून बदनाम झालेला हा माणूस.

'ह्यूमन'मध्ये रक्त जवळपास नाहीच. फसवणूक, इच्छामरण, माणसाला समजून न घेणारे लोक असे विषय. 'लॅक ऑफ कॉम्प्रिहेन्शन'चा व्हिडिओ एमटीव्हीच्या मेटलच्या कार्यक्रमात लागला. १९९३ च्या 'इंडिव्हिज्युअल थॉट पॅटर्न्स'मध्ये डार्क एंजल बँडचा ड्रमर जीन होगलन आला, किंग डायमंडकडून अँडी लारॉक आला आणि डिजॉर्जिओ पडदे नसलेल्या, म्हणजे फ्रेटलेस बासवर वाजू लागला. यातल्या 'द फिलॉसॉफर'चा व्हिडिओ 'बीव्हिस अँड बटहेड' या कार्टूनमध्येही झळकला. त्यातली दोन टारगट पोरं व्हिडिओची टर उडवतात. अमेरिकेतल्या लाखो लोकांनी डेथचं नाव पहिल्यांदा असं ऐकलं.

बँडचा लोगोसुद्धा याच काळात बदलत गेला. सुरुवातीला उलटा क्रॉस, कोळी, कवटी असा सगळा पसारा होता. एकेक अल्बम करत पसारा कमी झाला आणि पुढे उलटा क्रॉसही सरळ अक्षर बनला. धर्माच्या विरोधात किंवा बाजूने असला शिक्का त्याला नको होता. एसटी स्टँडवरच्या त्या टीशर्टवर जुना, पसाऱ्यावाला लोगो होता. बाजारात तोच विकला जातो.

एकटाच होता का?

नाही, आणि हे सांगायला हवं. चाहते कधीकधी असं बोलतात की जणू सगळं चकनेच शोधलं. फ्लोरिडातच अथीस्ट नावाचा बँड होता. त्यांचा 'अनक्वेश्चनेबल प्रेझेन्स' हा अल्बम 'ह्यूमन'च्याच वर्षी आला आणि जॅझच्या बाबतीत तो 'ह्यूमन'पेक्षाही पुढे आहे, असं मानणारे खूप आहेत. सिनिकचा स्वतःचा 'फोकस' १९९३ साली आला, त्यात तर यंत्रातून काढलेला गाता आवाज होता.

मग डेथचंच नाव का राहिलं? एक कारण जागेचं. टँपा शहरात मॉरिसाउंड नावाचा स्टुडिओ होता. जिम आणि टॉम मॉरिस हे भाऊ तो चालवायचे आणि स्कॉट बर्न्स तिथं रेकॉर्डिंग करायचा. इतक्या वेगात वाजणारे ड्रम स्वच्छ ऐकू येतील असं रेकॉर्ड करण्याची कला या स्टुडिओने कमावली होती. ओबिच्युअरी, मॉर्बिड एंजल, डिसाइड तिथलेच. ब्राझीलहून सेपुल्टुरा आला, कॅनडाहून गॉरगट्स आला. गुऱ्हाळाभोवती जशी गर्दी जमते तशी या एका स्टुडिओभोवती जगभरातली पोरं जमत होती, आणि त्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर चक होता.

दुसरं कारण गाण्याचं. चकने कितीही अवघड वाजवलं तरी गाणं गाणंच राहिलं. घरी जाताना गुणगुणता येईल अशी गिटारची धून त्यात असायची. पुढच्या टेक्निकल बँडपैकी बऱ्याच जणांना हे जमलं नाही. बोटं विजेसारखी फिरतात, आणि गाणं संपल्यावर काहीच आठवत नाही. व्यायामशाळेत वजन उचलणं बघावं तसं होतं ते. चकचा १९९५ चा 'सिम्बॉलिक' ऐका म्हणजे फरक कळेल. त्यात हरवलेल्या बालपणाची हुरहूर आहे. डेथ मेटलमध्ये हुरहूर!

जर्मनीतला ऑब्स्क्युरा, कॅनडाचा गॉरगट्स, तिकडे स्वीडन, पोलंड, ब्राझील, जिथं जिथं हे संगीत पोचलं तिथं डेथचं ऋण मान्य केलं जातं.

महाराष्ट्रात? चक असेपर्यंत डेथ भारतात आला नाही. पण मुंबईत १९८६ पासून इंडिपेन्डन्स रॉक हा महोत्सव भरत होता आणि २००० च्या सुमाराला मुंबईतल्या पोरांनी स्वतःचं डेथ मेटल करायला घेतलं. २००० साली डेमॉनिक रिझरेक्शन उभा राहिला. मग एक बँड आला, नाव 'भयानक मौत'. नाव वाचून हसू येतं, पण जरा विचार केला तर ते 'डेथ' या नावाचंच देशी भावंड आहे. गटस्लिट हा मुंबईचा आणखी एक बँड, युरोपात दौरे करणारा, ज्याचा बासवादक पगडी बांधून मंचावर उतरतो. हे सगळे बँड डेथची नक्कल करतात असं नाही. त्यांचे बाज वेगळे आहेत. पण डेथ मेटल म्हणजे नुसतं ओरडणं नसतं, त्यात वाजवण्याची तालीम लागते, ही जी कल्पना घेऊन ते उभे राहिले ती फ्लोरिडातून आलेली आहे.

सत्तर हजार डॉलर

'सिम्बॉलिक'नंतर चक कंपन्यांच्या कटकटीला वैतागला होता. त्याला स्वतःच्या गुरगुरण्याचाही कंटाळा आला होता. त्याला गाता गळा असलेला बँड हवा होता. म्हणून त्याने कंट्रोल डिनाइड नावाचा नवा बँड सुरू केला. रेकॉर्ड कंपनीला मात्र आधी डेथचाच अल्बम हवा होता. म्हणून १९९८ मध्ये 'द साउंड ऑफ परसिव्हरन्स' आला. तो डेथचा सातवा आणि शेवटचा अल्बम. कंट्रोल डिनाइडचा पहिला अल्बम १९९९ मध्ये निघाला, गायक टिम एमार.

त्याच वर्षी मान दुखायला लागली. नस दबली असेल असं सगळ्यांना वाटलं. मालिश झाली, हाडं बसवणाऱ्याकडे जाऊन झालं, ॲक्युपंक्चर झालं. आपल्याकडेही हेच होतं, आधी बाम, मग हाडवैद्य आणि मग पुण्याचा मोठा डॉक्टर. शेवटी एमआरआय काढला. १३ मे १९९९, चकचा बत्तीसावा वाढदिवस. त्या दिवशी कळलं की मेंदूच्या देठाजवळ गाठ आहे, कर्करोगाची.

आधी रेडिएशन दिलं. मग ऑपरेशन सांगितलं. खर्च सुमारे ७०,००० डॉलर. चककडे विमा नव्हता. जगभर अल्बम विकले गेलेला, डझनावारी देशांतल्या पोरांनी ज्याचा टीशर्ट घातला होता असा हा माणूस, आणि घरात एवढे पैसे नाहीत. इथं मेटलबद्दलचा एक भ्रम दूर करायला हवा. नाव मोठं म्हणजे खातं मोठं असं या संगीतात नसतं. पैसा कंपनी, दौऱ्याचा खर्च, वकील यांच्यात मुरतो. चक शेवटपर्यंत आईच्या घराजवळच राहत होता, कुत्र्या-मांजरांत रमणारा, स्वयंपाकाची हौस असलेला. संगीतात नसतो तर जनावरांचा डॉक्टर किंवा आचारी झालो असतो, असं तो सांगायचा.

मग चाहते उठले. ठिकठिकाणी मदतीचे कार्यक्रम झाले, लोकांनी पाच-दहा डॉलर पाठवले. जानेवारी २००० मध्ये ऑपरेशन झालं, निम्म्याच्या आसपास गाठ निघाली. तब्येत सावरली. चक परत कंट्रोल डिनाइडच्या दुसऱ्या अल्बमवर काम करायला लागला.

मे २००१ मध्ये आजार उलटला. पुन्हा ऑपरेशनची घाई आणि पुन्हा पैसे नाहीत. मधल्या काळात त्याने विमा काढला होता, पण गाठ विम्याच्या आधीपासूनची आहे म्हणत कंपनीने हात वर केले. ज्याने कुणी घरातल्या माणसासाठी क्लेम भरलाय त्याला हे वाक्य नवीन नाही. वेल्ह्यात, म्हणजे आताच्या राजगड तालुक्यात, आणि भोरमध्येही गंभीर पेशंट पुण्याला हलवला की दोन दिवसांत व्हॉट्सॲपवर मदतीचं आवाहन फिरायला लागतं. फोटो, हॉस्पिटलचं एस्टिमेट आणि खाली क्यूआर कोड. २००१ साली अमेरिकेत चकचं असंच आवाहन फिरलं, पत्रकं आणि इंटरनेटवरून. कॉर्न, किड रॉक, रेड हॉट चिली पेपर्स अशा बड्या मंडळींनी स्वतःच्या वस्तू लिलावाला काढल्या. संगीताच्या दृष्टीने यांच्यात आणि चकमध्ये काहीच सारखं नव्हतं.

आई जेन त्या दिवसांत लोकांना एकच गोष्ट सांगत राहिली, की संगीत करा नाहीतर काहीही करा, आधी विमा काढा.

केमोथेरपीने शरीर खचलं होतं. नोव्हेंबरमध्ये न्यूमोनिया झाला. १३ डिसेंबर २००१ च्या दुपारी चक शुल्डिनर गेला. वय चौतीस.

त्याच्यामागे दहा वर्षांनी जुने अल्बम नव्याने निघायला लागले. २०१२ पासून जुने साथीदार 'डेथ टू ऑल' नावाने एकत्र येऊन त्याची गाणी वाजवू लागले. सुरुवातीच्या कार्यक्रमांतून आजारी संगीतकारांच्या उपचारांसाठी निधीही उभा केला गेला. ज्या साथीदारांशी त्याचं जमत नाही म्हणून तो बदनाम होता, त्यांच्यातलेच हे. १९९१ च्या टीममधला सीन रायनर्टही आता नाही, तो २०२० मध्ये गेला. कंट्रोल डिनाइडचा दुसरा अल्बम अर्धवट रेकॉर्ड होऊन पडला आहे, त्याच्या गायकाचंही २०२३ मध्ये निधन झालं.

आता ऐकायचं असेल तर कुठून सुरू करायचं? पहिल्या अल्बमपासून करू नका, पळून जाल. 'द साउंड ऑफ परसिव्हरन्स'मध्ये 'व्हॉइस ऑफ द सोल' नावाची एक धून आहे. त्यात शब्द नाहीत, ड्रम नाहीत, गुरगुरणं नाही, नुसत्या गिटारी आहेत. ती हेडफोन लावून ऐका, शक्यतो रात्री. आवडली तर 'सिम्बॉलिक', मग 'ह्यूमन'. आणि भोर स्टँडवरचा तो ढोलवाला कुणाच्या ओळखीचा असेल, तर त्याला ही लिंक पाठवा. टीशर्ट त्याच्याकडे आहेच.